मुंबईत ग्रॅव्हल सायकल: जंगलाच्या कडेकडेने पाच रविवार

मुंबईत ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, घेतली की सोसायटीच्या फाटकापासूनच विचारणा सुरू होते, "इथे कुठे चालवणार ही?" प्रश्न रास्त आहे. मैलोगणती मोकळे खडीचे रस्ते आपल्याकडे नाहीत. पण बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेलं जंगल आहे, त्याला चिकटून आरे वसाहत आहे, वसईच्या खाडीपलीकडे तुंगारेश्वरचं जंगल आहे आणि बोटीने तासाभरावर अलिबागच्या वाड्या आहेत. या सगळ्यांच्या कडेने गाडीवाटा जातात. धड डांबरी नाहीत, धड पायवाटाही नाहीत. आपलं ग्रॅव्हल ते हेच.

गाडीवाट हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. जिथे रिक्षा किंवा टेम्पो जातो तिथे माझी सायकल जाते, जिथून फक्त माणसं चालतात तिथे मी ती नेत नाही. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे एक कारण. दुसरं कारण मातीचं. उतारावरच्या पायवाटेत चाकाची चरी पडली की पहिल्या मोठ्या पावसात तिचा ओहळ होतो, आणि दोन पावसाळ्यांत पाड्यातल्या बायकांची रोजची वाट वाहून जाते. आपण रविवारी तासभर येतो, त्यांना त्याच वाटेने रोज डोक्यावर भारा घेऊन उतरायचं असतं.

खाली दिलेला क्रम नवशिक्याने पाळावा असाच लावला आहे. प्रत्येक रविवारी एक गोष्ट हाताला बसते आणि पुढच्या वाटेवर ती लागते.

निघण्याआधी

महागडी ग्रॅव्हल बाईक हवीच असं नाही. ४० मिलिमीटरचा टायर मावेल अशी साधी हायब्रिड सायकल असेल, डिस्क ब्रेक असतील आणि मागच्या कॅसेटची (चाकावरच्या गिअरच्या चकत्यांची) सर्वांत मोठी चकती पुढच्या, पेडलजवळच्या लहान चेनरिंगइतक्या किंवा जास्त दात्यांची असेल, तर या लेखातल्या सगळ्या वाटा होतात. एमटीबीवरही (माउंटन बाईकवरही) होतात, फक्त घरापासून जंगलापर्यंतच्या डांबरावर ती जड वाटते. गिअरच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. ठाण्याजवळच्या येऊरचा चढ आणि तुंगारेश्वरचा चढ या दोन ठिकाणी हलका गिअर नसेल तर गुडघे बोलू लागतात.

बहुतेकांची खरी चूक हवेत असते. पंक्चर होऊ नये म्हणून लोक टायर दगडासारखा टणक करतात आणि मग प्रत्येक खड्यावरून सायकल उडते. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३२ ते ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते, ट्यूब असेल तर ४० ते ४५. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवा. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा गेज असलेला पंप घ्या. त्यातला फरक पहिल्याच मुरमाड उतारावर हँडलमधून हाताला कळतो.

ट्यूबलेस असेल तर आतल्या सीलंटवर, म्हणजे भोक आपोआप बुजवणाऱ्या द्रवावर, विश्वास ठेवण्याआधी खात्री करा. एकदा नवे टायर बसवून घेतले तेव्हा सीलंट भरल्याचं मला सांगण्यात आलं, पैसेही घेतले गेले. तिसऱ्या दिवशी बाभळीचा काटा शिरला आणि टायर मिनिटभरात बसला. उघडून पाहिलं तर आत थेंबही नव्हता. तेव्हापासून चाक काढून कानाशी धरतो आणि हलवतो. आत पातळ काही डचमळल्याचा आवाज यायला हवा. आपल्या उकाड्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून दिवाळीला भरलेलं होळीपर्यंत चालेल असं धरून चालू नका.

सोबत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप, चेनची जोडकडी, दोन लिटर पाणी, शिट्टी आणि रोख सुटे पैसे घ्या. जंगलात नेटवर्क जातं, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कुठे जाताय हे घरी सांगून निघा. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि वनविभागाचा १९२६. हे तिन्ही कागदावर लिहून सॅडलखालच्या पिशवीत ठेवा, कारण मोबाइल बंद पडला तरी दुसऱ्याच्या मोबाइलवरून ते लावता येतात.

वाट वाचायला शिका

आपल्या भागात पायाखाली मुख्यतः काळा पाषाण आहे. तो झिजून मुरूम होतो. हिवाळ्यात ओलावा टिकून असलेला मुरूम म्हणजे सायकलसाठी सर्वांत सुंदर जमीन. चाक किंचित रुततं, करकर आवाज येतो आणि पकड सुटत नाही. तोच मुरूम मार्चनंतर वरून सुटतो. खाली टणक थर आणि वर वाटाण्याएवढे खडे, म्हणजे गोट्यांवर पाय ठेवल्यासारखं. अशा ठिकाणी वळणावर ब्रेक धरला की पुढचं चाक निसटतं. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. रंगाकडे बघत चला. गडद, मळकट पट्टा दाबलेला असतो, फिकट आणि चमकणारा सुटा असतो.

चाकोरी हा शब्द आपण भाषेत सर्रास वापरतो, पण खरी चाकोरी ऑक्टोबरात पाहावी. पावसाळ्यात टेम्पोने चिखलात पाडलेली चर ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी घट्ट होते. एकदा पुढचं चाक तिच्यात शिरलं की तिरकं बाहेर काढू नका, कडेला घासून पडाल. तीतूनच सरळ चालत राहायचं आणि चर उथळ झाली की बाहेर यायचं. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता आठ-दहा मीटर पुढे ठेवा. हात सैल, कोपर वाकलेले, उतारावर पेडल समांतर आणि बूड सीटवरून बोटभर उचललेलं. हे सगळं आधी मैदानात करून बघावं.

पहिला रविवार: आरे

सुरुवात आरेतच करावी. इथे चुकलात तरी पाच मिनिटांत रिक्षा मिळते. पश्चिम उपनगरांतून येणाऱ्यांना मेट्रो ७ सोयीची आहे. तिच्यात आणि २अ मध्ये सायकल नेता येते, आणि 'आरे' स्थानकावर उतरलं की वसाहत जवळच आहे. गोरेगावहून पवईच्या दिशेला जाणारा दिनकरराव देसाई मार्ग सुमारे सात किलोमीटरचा. त्यावर अंग गरम करून घ्या आणि मग छोटा काश्मीर बागेच्या आसपास तबेल्यांकडे, पाड्यांकडे फुटणाऱ्या लहान रस्त्यांना लागा. डांबर, उखडलेलं डांबर, मुरूम, पुन्हा सिमेंट असं तासाभरात सगळं पायाखालून जातं, आणि पहिल्या दिवशी शिकायला एवढंच हवं असतं.

आरे दूध वसाहत १९४९ची, जवळपास १,३०० हेक्टरांची. मुंबईतले तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी ती वसवली गेली. आजही पहाटे म्हशींचा कळप रस्ता ओलांडतो आणि पॅरा गवताचे भारे घेऊन माणसं चालत असतात. कळप दिसला की थांबा, पाय टेका, घंटी वाजवू नका. गुराखी हात करील तेव्हाच निघा. तबेल्यासमोरच्या सिमेंटवर शेण आणि पाणी मिसळून जो थर होतो तो ओल्या साबणासारखा असतो. तिथे ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जायचं.

वसाहतीत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. पाड्यातला रस्ता म्हणजे कुणाचं तरी अंगण असतं. मुलं खेळतात, कोंबड्या असतात, भात वाळत घातलेला असतो. उतरून सायकल हातात धरून चाला. "मावशी, हा रस्ता पुढे निघतो का?" एवढं विचारलं की कुठे पाणी साचलंय आणि कुठली वाट बंद झालीय ते कुठल्याही ॲपआधी कळतं. एका मावशींनी मला एकदा मागे फिरवलं होतं. "दादा, आता नका जाऊ तिकडनं, रात्री आलावता तो." तो म्हणजे कोण हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

म्हणूनच बिबट्याचं इथेच सांगतो. आरे, येऊर, राष्ट्रीय उद्यान हे त्याचं घर आहे. पाड्यांतले लोक वाघोबाची पूजा करतात आणि त्याच्या वेळा पाळतात. आपणही पाळाव्यात. पूर्ण उजाडल्याशिवाय आत शिरायचं नाही आणि दिवेलागणीच्या आत बाहेर पडायचं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सहाच्या, तेव्हा "साडेपाचला निघू" हा डांबरावरचा नियम इथे हिवाळ्यात चालत नाही. कानात इअरफोन नको. एकट्याने जायचं नाही. बिबट्या दिसलाच तर खाली वाकू नका, बसू नका, पाठ फिरवून पळू नका. सायकल स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये धरा, उभे राहा, मोठ्याने बोला आणि हळूहळू मागे सरका. फोटोसाठी जवळ जाणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गोंधळ उडाला की पिंजरा त्याच्यासाठी लागतो.

दुसरा रविवार: कान्हेरीचा रस्ता

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, पण बोरिवलीच्या बाजूने सायकलस्वारासाठी त्यातली एकच मुख्य वाट खुली आहे. बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतची, सहा-सात किलोमीटरची आणि डांबरी. ग्रॅव्हल नाही, तरी जावं. सोमवारी लेणी बंद असतात. आत सायकली भाड्यानेही मिळतात. स्वतःची नेण्याचे त्या दिवशीचे नियम तिकीटखिडकीवर विचारून घ्या. शिलोंड्यासारख्या जंगलवाटांवर वनविभागाच्या परवानगीने पायी जायचं असतं, तिथे सायकल नको.

इथे शिकायचं ते संथपणे चढणं. शेवटचा चढ बसूनच चढा, उभं राहून नाही, कारण पुढे सुट्या मुरमावर उभं राहिलात तर मागचं चाक जागीच फिरतं. उतरताना माकडं आणि चितळ अचानक आडवे येतात, म्हणून बोटं ब्रेकवर. फेब्रुवारीत गेलात तर पळस आणि काटेसावर फुललेले दिसतात, तेव्हा घाई करू नका.

तिसरा रविवार: येऊर

ठाण्याच्या उपवन तलावापासून वर चढणारा रस्ता मुंबई-ठाण्यातल्या सायकलवाल्यांचा जुना गुरू आहे. वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना झाडी असलेला. येऊर हा उद्यानाचाच ठाण्याकडचा भाग, त्यामुळे वनविभागाचं फाटक ओलांडूनच वर जायचं. वर पोहोचल्यावर पाटोणापाड्यासारख्या वस्त्यांकडे फाटे फुटतात आणि त्यांच्या टोकाला डांबर संपून माती लागते. माती लागली की अर्धा किलोमीटर जा, वळा, परत या, पुन्हा जा. चढ आणि मुरूम एकत्र हाताळण्याची ही सर्वांत सुरक्षित जागा आहे. हवाई दलाच्या तळाच्या बाजूला थांबू नका आणि तिथे फोटो काढू नका.

येऊरचा चढ सगळ्यांना आठवतो, पण शिकवतो तो उतार. ब्रेक सतत दाबून धरला तर ब्रेकची चकती तापते आणि पकड ढिली पडते. सरळ भागात दोन्ही ब्रेक जोराने दाबून वेग कमी करा, मग सोडा, मग वळा. खाली आल्यावर ब्रेकचे पॅड तपासा. पावसाळ्यातला चिखल वाळूच्या कागदासारखा असतो, एका फेरीत रेझिनचे पॅड अर्धे झालेले मी पाहिले आहेत. जून ते सप्टेंबर चालवणार असाल तर धातूमिश्रित पॅड टाकून घ्या.

चौथा रविवार: तुंगारेश्वर

खरं ग्रॅव्हल इथे आहे. लोकलच्या मालडब्यातून सामानाचं तिकीट काढून सायकल वसई रोडला आणा. रविवारी पहाटे डबा मोकळा असतो. स्टेशनच्या पूर्वेला निघून सातिवलीकडून महामार्गावर या. त्या हायवेवरचे ट्रेलर हा या सगळ्या सहलीतला सर्वांत धोकादायक भाग आहे, बिबट्या नव्हे. भडक रंगाचा टीशर्ट आणि मागचा लाल दिवा दिवसाही लावा, आणि रस्ता ओलांडताना सायकलवरून उतरा.

तुंगारेश्वरच्या कमानीतून आत शिरलं की दोन-तीनशे मीटरांत हायवेचा आवाज मागे पडतो. २००३ साली अभयारण्य झालेलं हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं जंगल. मंदिरापर्यंतची तीन-चार किलोमीटरची वाट दगडगोट्यांची, मातीची आणि ओढे ओलांडणारी. भाविकांच्या गाड्या त्यावरून जातात, म्हणजे आपल्या नियमात बसते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा, तेव्हा वाट यात्रेकरूंची असते.

ओढा ओलांडायची रीत अशी. आधी उतरून पाहा. तळ दिसतो का, पाणी गुडघ्याखाली आहे का, गढूळ आणि वेगवान तर नाही ना. यातल्या एकाचंही उत्तर मनासारखं नसेल तर सायकल खांद्यावर घ्या किंवा परत फिरा. डोंगरात वर पाऊस झाला की ओढा काही मिनिटांत फुगतो, आणि दरवर्षी अशा ठिकाणी माणसं वाहून जातात. पावसाळ्यात प्रवेश बंद केलेला असेल तर वाद घालू नका. माझ्या मते नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी हाच तुंगारेश्वरचा काळ: ओढ्यात पाणी असतं, पण घोट्याएवढं, आणि दगडांवरचं शेवाळ वाळलेलं असतं. पाण्यात शिरताना हलका गिअर, पेडल चालूच ठेवायचं, नजर समोरच्या काठावर.

दुसऱ्या ओढ्याच्या बाहेर पडताना माझ्या मागच्या टायरची बाजू एका धारदार दगडावर चिरली होती. बोटाच्या पेराएवढी चीर. अशा चिरेला सीलंट काही करत नाही, आणि ट्यूब घातली तर ती त्यातून फुग्यासारखी बाहेर येते. सायकल ढकलत मंदिराजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत गेलो. तिथल्या काकांनी काही न विचारता रिकामी दुधाची पिशवी धुतली, पुसली, चौघडी केली आणि चिरेच्या आतून लावून धरली. "आता घाल ट्यूब." हवा नेहमीपेक्षा कमी भरली, आणि त्या ठिगळावर मी वसई स्टेशन गाठलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत धुतलेली दुधाची पिशवी असतेच. जुन्या टायरचा दोन इंचाचा तुकडा त्याहून चांगला.

मंदिरापुढे वाट परशुराम कुंडाच्या बाजूला चढत जाते आणि चढ वाढत जातो. डोंगराचा माथा सुमारे ६६० मीटरवर आहे. पहिल्या खेपेला मंदिरावरूनच मागे फिरा. दुसऱ्या खेपेला, पाणी चार लिटर घेऊन आणि सकाळी नऊच्या आत मंदिर गाठलं असेल तरच पुढे जा. उन्हाळ्यात गवत पेटतं, धूर दिसला की परत फिरा आणि १९२६ला कळवा.

पाचवा रविवार: मांडवा आणि अलिबागच्या वाड्या

अटल सेतूवर सायकल नेता येत नाही, पण समुद्र आडवा येत नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. गाड्यांबरोबर सायकलीही घेते आणि तासाभरात पोहोचवते. परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा.

मांडव्याहून अलिबागचा हमरस्ता वीसेक किलोमीटरांचा आहे. तो रविवारी गाड्यांनी भरतो, तो टाळा. सासवणे, आवास, किहीम अशा गावांतून आतल्या रस्त्याने चला. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर शिल्पालय म्हणून जपलं आहे, तिथे अर्धा तास द्या. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते, खारजमिनीच्या बांधावरच्या मातीच्या वाटा आणि मध्येच भाताची खाचरं. खारबंदिस्तीच्या बांधावर मात्र पाऊस पडून गेल्यावर चार दिवस चाकं नेऊ नका. ओला बांध खचला तर खारं पाणी शेतात शिरतं. डोंगरावरच्या कनकेश्वर मंदिरात जायचं असेल तर मापगावात सायकल ठेवून पायऱ्या चढा.

ओहोटीला किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू चाकाला उत्तम धरते. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचे लोक तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, सव्वानऊच्या सुमारास ओहोटी. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होतं, तेव्हा वेळापत्रकही पाहून ठेवा. सकाळच्या बोटीने येणाऱ्यासाठी चतुर्थी ते सप्तमी हे दिवस चांगले. पाणी चढू लागलं की वर या, कोरड्या वाळूत सायकल ढकलत बसायची वेळ येऊ देऊ नका. पाण्यात चाक घालू नका. कोळ्यांची जाळी वाळत असतील तिथून लांबून जा.

हे पाच जमले की लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीची पंधरा-सोळा किलोमीटरांची वाट तुमच्या आवाक्यात येते, पण ती पूर्ण दिवसाची आणि सोबत घेऊनच करायची.

किनाऱ्यावरून आलेली सायकल मात्र दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. खाऱ्या वाळूने चेन एका रात्रीत तांबडी होते. परतीच्या बोटीआधी एखाद्या खानावळीत जेवा आणि मालकांकडे अर्धी बादली गोडं पाणी मागा. कुणी नाही म्हणत नाही. चेन, कॅसेट आणि डिरेलरवरून (गिअर बदलणाऱ्या भागावरून) ते हळू ओता, जोराची धार नको, नाहीतर वाळू बेअरिंगमध्ये शिरते. फडक्याने कोरडं पुसा, चेनच्या प्रत्येक कडीला तेलाचा एक थेंब, पाच मिनिटं पेडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाका.